तीव्र मध्यमापासून पंचमापर्यंत

बासरी शिकणाऱ्याला यमन फार लवकर भेटतो आणि तितक्याच लवकर अडवतो. माझंही तसंच झालं. आरोह नीट चालला होता. सा, रे, ग, मग तीव्र मध्यम. साध्या सहा भोकांच्या बासरीवर तीव्र मध्यम वाजवताना सगळी भोकं उघडी असतात. एकही बोट वेळूवर टेकलेलं नसतं. बासरी अंगठे आणि हनुवटी यांच्या आधारावर कशीबशी तोललेली असते. पुढचा सूर पंचम. त्यासाठी सहाच्या सहा भोकं एकदम बंद व्हावी लागतात आणि फुंकही तेवढ्यात बदलावी लागते. गाणारा माणूस तीव्र मध्यमावरून पंचमावर असा सरकतो की मधली वाट ऐकू येते. बासरीवाला मात्र एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारतो. मधे वाटच नसते.

मी रडकुंडीला आलो तेव्हा माझ्या गुरुजींनी खोळीतून त्यांची जुनी, लांबलचक बासरी काढली आणि तिचं खालचं टोक माझ्यासमोर धरलं. सहा भोकांच्या खाली, जरा बाजूला सरकवून, आणखी एक भोक होतं. पाडलेल्या जागी कडा बोटाच्या सवयीनं गुळगुळीत झालेली. ‘हे करंगळीचं,’ ते म्हणाले, आणि त्यांनी तोच तीव्र मध्यम धरून पंचमाकडे नेला. उडी नाही, सरकणं. खोलीत बसलेल्या आम्हा तिघांनाही क्षणभर कुणीतरी गायलं असंच वाटलं.

ते भोक हिंदुस्थानी बासरीला देण्याचं श्रेय पन्नालाल घोष यांना दिलं जातं. त्यांना जाऊन ६० वर्षांहून अधिक काळ लोटला. आज बासरीचा एकल कार्यक्रम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की हे वाद्य कुणीतरी हातानं उचलून मैफलीत आणून बसवलं, ही गोष्टच विसरायला झाली आहे. म्हणून ती नीट सांगावीशी वाटते.

पन्नालाल यांचा जन्म जुलै १९११ मधला, पूर्व बंगालातल्या बारिसालचा. हा भाग आता बांगलादेशात आहे. मूळ नाव अमलज्योती. पन्नालाल हे घरातलं हाक मारायचं नाव, तेच पुढे जगानं उचललं. घर गाण्याबजावण्याचं होतं. वडील अक्षयकुमार सतार वाजवत, आजोबा पखवाज आणि धृपदातले, आई गात असे. धाकटा भाऊ निखिल पुढे तबल्यातला मोठा माणूस झाला आणि त्यानं १९५६ मध्ये मुंबईत ‘संगीत महाभारती’ ही संस्था उभी केली. अशा घरातल्या मुलाच्या हाती सतार आली असती तर कुणालाच नवल वाटलं नसतं, आणि ती आलीही होती. पण मन बासरीत गुंतलं.

बारिसाल हे नद्यांचं गाव. कीर्तनखोला नदीत पोहताना पन्नालालला पाण्यावरून वाहत आलेला एक लांब वेळू सापडला, त्याचा अर्धा भाग काठी आणि अर्धा भाग बासरी होता, अशी एक कथा सांगतात. दुसऱ्या कथेत एक साधू भेटतो. त्याच्या एका हातात शंख आणि दुसऱ्या हातात बासरी असते, आणि तो मुलाला वाजवायला लावून ती बासरी त्यालाच देऊन टाकतो. मोठ्या कलावंताच्या बालपणाभोवती अशा कथा जमतातच आणि त्यांची शहानिशा करायला कुणी उरलेलं नसतं. मला त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते: त्या कथेतली बासरी लांब आहे. काठीएवढी. पुढं जे घडलं त्याची सावली लोकांनी मागं नेऊन बालपणावर टाकली असेल, तरी कोणती गोष्ट त्यांना या माणसात मुख्य वाटली ते त्यातून कळतं.

बारिसालला आणखी एक वारा होता. अश्विनीकुमार दत्तांचं हे गाव. स्वदेशीच्या चळवळीत बंगालातली जी गावं पेटून उठली त्यांत बारिसाल पहिल्या रांगेत होतं. मुकुंद दासांच्या स्वदेशी जात्रा इथं गाजल्या. इथली पोरं व्यायामशाळेत जात ती नुसती दंड कमवायला नव्हे. पन्नालालही त्यातलाच. कसरत, कुस्ती, मुष्टियुद्ध हे सगळं त्यानं केलं, चळवळीत ओढला गेला, आणि पोलिसांची नजर पडल्यावर १९२६ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, त्याला कलकत्त्याला यावं लागलं. आखाड्यात कमावलेली छाती मात्र बरोबर आली. पुढं ज्या आकाराची बासरी त्यानं हातात घेतली, ती भरायला तशीच छाती हवी होती.

कलकत्त्यात पोटासाठी काम शोधावं लागलं आणि ते सापडलं चित्रपटाच्या जगात. न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या हाताखाली पन्नालाल वाद्यवृंदात वाजवू लागले. याच दरम्यान त्यांच्या घरातही गाणं आलं होतं. पत्नी पारुल या संगीतकार अनिल विश्वास यांच्या बहीण. तेही बारिसालचेच. पारुल घोष हे नाव हिंदी चित्रपटसंगीताच्या अगदी आरंभाशी जोडलेलं आहे. १९३५ च्या ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाचा जो पहिला प्रयोग झाला, त्यातल्या आवाजांत एक आवाज त्यांचा होता.

त्या काळात उत्तर हिंदुस्थानात बासरीची जागा काय होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पन्नालाल यांनी काय केलं ते कळत नाही. देवाच्या हातातलं वाद्य म्हणून तिला अपार मान होता. आपल्याकडचीच भाषा पाहा: बासरी, मुरली, वेणू, पावा, अलगूज. एका पोकळ बांबूला किती लाडाची नावं! पण मैफलीच्या बिछायतीवर तिला जागा नव्हती. गुराख्याचा पावा, नाचाच्या मेळातली सुरावट, नाटकाच्या पडद्यामागची करुण लकेर, पुढे चित्रपटाच्या वाद्यवृंदातली एक जागा, इतकंच. बीन होती, सतार-सरोद होते, सारंगी गायकाच्या मागं होती. बासरीवर कुणी तासभर एक राग मांडेल, ही कल्पनाच नव्हती. दक्षिणेत परिस्थिती वेगळी होती. कुंभकोणमच्या शरभ शास्त्रींनी, तेही दृष्टी नसताना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बासरीला कर्नाटक संगीताच्या कचेरीत बसवलं होतं आणि पल्लडम संजीव राव यांनी ती परंपरा पुढं नेली. पण दक्षिणेची बासरी आखूड, जाड भिंतीची, आठ भोकांची. तिचा सूर उंच आणि धारदार. तिथल्या कृतींना आणि चपळ गमकांना ती शोभते. विलंबित ख्याल तिच्यातून निघाला नसता.

आणि पन्नालाल यांना हवा होता तो ख्यालच. हा हट्ट मला त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली वाटतो. बासरीला शोभेल असं काहीतरी वाजवायचं, हा सोपा रस्ता होता. लोक टाळ्याही देत होते. १९३० च्या दशकात त्यांनी कलकत्त्यात संगीत स्पर्धेत बक्षीसही मिळवलं होतं. ते उलट बाजूनं निघाले. गायकाला जे करता येतं ते या बांबूला करता आलं पाहिजे, आणि येत नसेल तर बांबू बदलायचा.

पहिला प्रश्न खर्जाचा. हाताएवढ्या बासरीचा सूर पाखरासारखा असतो. गोड, पण त्याला तळ नाही. दरबारीसारखा राग, ज्याचा सगळा जीव मंद्र सप्तकात, तो अशा बासरीवर वाजवायचा कसा? नळी लांब केली की सूर खाली जातो, हे तर कुणालाही ठाऊक. पण नळी लांब केली की भोकांमधली अंतरंही वाढतात आणि माणसाचा पंजा मात्र तेवढाच राहतो. शिवाय लांब नळीला भोक मोठं लागतं, मोठ्या भोकाला फुंक जास्त लागते, आणि वरच्या सप्तकात सूर फाटायची भीती. पन्नालाल यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या नळ्या करून पाहिल्या. धातूच्या, प्लास्टिकच्याही. धातूची नळी सुरात अचूक राहते पण तिचा आवाज थंड लागतो, असं ज्यांनी ती हाताळली आहे ते सांगतात. शेवटी ते बांबूकडेच परत आले. ३२ इंच लांबीची बासरी त्यांनी पक्की केली. पट्टी काळी दोनच्या आसपासची.

३२ इंच हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. हातात घेतल्यावर समजतो. आडवी धरली की डावा हात खांद्याकडे दुमडतो, उजवा हात पुढं ताणला जातो आणि पाच मिनिटांत दोन्ही मनगटं बोलू लागतात. बोटांच्या शेंड्यांनी भोकं झाकताच येत नाहीत. बोटं सपाट ठेवून मधल्या पेरांनी झाकावी लागतात. अनामिका ताणून ताणून दुखते. पहिल्या महिन्यात मला खालचा पंचम म्हणून नुसती फूफू ऐकू यायची. कुठल्या तरी बोटाखालून केसाएवढी हवा निसटत असायची आणि ते बोट कोणतं हे कळायला आणखी पंधरा दिवस जायचे. शिवाय असा बांबूही सहज मिळत नाही. एवढ्या लांबीचं एक सरळ कांडं, मधे गाठ नको, भिंत पातळ हवी, पोकळी सारखी हवी. आसामकडच्या वेळूत असं कांडं सापडतं, तेही शंभर तपासावे तेव्हा एखादं. मग तो सुकवायचा, तापल्या सळईनं भोकं पाडायची, सूर तपासत तपासत कडा खरवडायच्या. जास्त खरवडलं की गेला. बांबूला परत भरता येत नाही.

या लांबीनं बासरीला श्वास दिला. आलाप विस्तारायला जागा मिळाली. मंद्र सप्तकातला धैवत, मंद्रातला पंचम बासरीवर असा वाजू शकतो, की पोटातून आल्यासारखा वाटावा, हे लोकांनी प्रथमच ऐकलं. पण आता दुसरा प्रश्न उरला होता. तोच, यमनमध्ये माझ्यासमोर आलेला.

सहा भोकांची बासरी सगळी बंद केली की मंद्र पंचम मिळतो. एकेक बोट खालून उचलत गेलं की धैवत, निषाद, मग वरची तीन भोकं बंद असताना षड्ज, पुढं ऋषभ, गांधार. शेवटचं भोक अर्धं उघडलं की शुद्ध मध्यम, पूर्ण उघडलं की तीव्र मध्यम. आणि तिथं रस्ता संपतो. पुढचा पंचम पुन्हा अगदी खालून, सगळं बंद करून, जोराच्या फुंकेनं. म्हणजे सप्तकात एक तडा आहे, आणि तो नेमका तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये. यमन, श्री, पूरिया धनाश्री, मुलतानी, शुद्ध सारंग अशा रागांचं मर्म त्याच ठिकाणी आहे. सातवं भोक खाली, करंगळीच्या आवाक्यात पाडल्यावर सातही भोकं बंद करून तीव्र मध्यम मिळू लागला आणि नुसती करंगळी हळूहळू सरकवली की तिथून पंचम. तडा सांधला गेला. एका बोटाची ही करामत. पण हे सुचायला आधी त्या तड्याचं दुःख व्हावं लागतं, आणि ज्याला बासरीवर गायचंच नाही त्याला ते होत नाही.

त्यांचे गुरूही याच धडपडीत मिळालेले. अमृतसरकडचे खुशी मोहम्मद खाँ हे पहिले. ते हार्मोनियम वाजवत. त्यांच्यानंतर कलकत्त्याचे गिरिजाशंकर चक्रवर्ती, जे गवई. या क्रमात एक मजबूत तर्क आहे. बासरीचं असं घराणंच नव्हतं, मग विद्या आणायची कुठून? जिथं ती होती तिथून. एकाकडून रागाची बांधणी, दुसऱ्याकडून गळ्याची चाल. १९३८ मध्ये सराइकेलाच्या राजघराण्याच्या छाऊ नृत्यमंडळीबरोबर ते युरोपला गेले आणि तिथल्या मंचांवर त्यांची बासरी वाजली. पण तो दौरा नृत्याचा होता. बासरी पुन्हा नाचाच्या मागं. परतल्यावर दोन वर्षांत त्यांनी कलकत्ता सोडलं.

१९४० मध्ये पन्नालाल मुंबईला आले. मेहुणे अनिल विश्वास इथं आधीच पाय रोवून होते आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये बंगाली मंडळींचा मोठा राबता होता. पन्नालाल यांनी चित्रपटांना संगीत दिलं. १९४२ चा ‘बसंत’ त्यात सगळ्यांत गाजला. आज तो लोकांना मधुबालामुळे आठवतो, कारण ‘बेबी मुमताज’ या नावानं ती त्यात पहिल्यांदा पडद्यावर आली. नावाची पाटी पन्नालाल घोष यांची असली तरी चालींमध्ये अनिल विश्वास यांचा मोठा वाटा होता, असं जाणकार सांगत आले आहेत. गाणी पारुल घोषांनी गायली. पुढच्याच वर्षी ‘किस्मत’ आला आणि त्यातल्या ‘पपीहा रे’नं पारुलताईंचा आवाज घरोघर गेला. काही वर्षं अशी होती की या घरात नवऱ्यापेक्षा बायकोचं नाव मोठं होतं. त्यांच्याविषयी इतकं कमी लिहिलं गेलं आहे याची मला खंत वाटते.

चित्रपटात पैसा होता, नाव होतं. पन्नालाल त्यात रमले नाहीत. संगीत दिग्दर्शनाचा व्याप कमी कमी करत त्यांनी वेळ रियाजाला आणि शिकवण्याला दिला. मुंबईनं त्यांना सगळ्यांत मोठी गोष्ट दिली ती शिष्य. आणि ते शिष्य बघा कुठले. देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड. तळमकीवाडी-गावदेवीकडच्या पाट्यांवर दिसणारी ही आडनावं, कोकण-कानडा किनाऱ्यावरच्या सारस्वतांची. बारिसालच्या नदीकाठची बासरी अरबी समुद्राच्या काठावर रुजली ती अशी. मुर्डेश्वर आधी तबला शिकलेले. ते पन्नाबाबूंकडे आले, शिष्य झाले आणि पुढे जावईही. कलकत्त्यात गौर गोस्वामी होते. उत्तरेत बासरीला पहिल्यांदाच शिष्यपरंपरा म्हणावी असं काही तयार होत होतं.

मग १९४७ आलं. या वर्षी पन्नालाल यांचं जन्मगाव परदेशात गेलं. याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, देशभर नाव झालेलं असताना त्यांनी मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं शिष्यत्व पत्करलं. खाँसाहेबही मूळचे पूर्व बंगालचेच, ब्राह्मणबाडियाकडचे. दोघांचीही मायभूमी एकाच रेषेच्या पलीकडे राहिलेली. त्यांच्यात त्याविषयी काही बोलणं झालं असेल का, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. खाँसाहेबांची शिस्त प्रसिद्ध होती, राग त्याहून प्रसिद्ध. तिथं मोठेपण दाराबाहेर ठेवूनच आत जावं लागे. छत्तिसाव्या वर्षी, स्वतःचे शिष्य असलेल्या माणसानं पुन्हा सा लावायला बसणं सोपं नसतं. ज्यांनी गुरुकुलात पलटे घोटले आहेत त्यांना हे जास्त कळेल.

यानंतरचं त्यांचं वादन म्हणजे आपण ज्याला आज ‘पन्नालाल घोष’ म्हणतो ते. यमन, श्री, मारवा, दरबारी, पिलू यांची त्यांची ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात. ज्यांनी ती ऐकली नसतील त्यांनी प्रथम श्री ऐकावा. विलंबित ख्यालासाठी ते झूमरा, तिलवाडा असे संथ, भारदस्त ठेके घेत. बासरीवाल्यानं झूमरा घ्यावा हीच त्या वेळी एक घोषणा होती. घाई नाही. सूर लावल्यावर तो पुरता उमलेपर्यंत दुसऱ्या सुराकडे जायचं नाही. मींड लांब, गळ्यातून निघावी तशी. द्रुतात तंतकारीच्या अंगानं झाल्यासारखे तुकडे येतात, जिभेच्या ठोक्यांनी, पण मुख्य जीव गाण्यात. जुनं ध्वनिमुद्रण असल्यामुळे खरखर येते, तिच्यातून मधेच त्यांचा श्वास घेतल्याचा आवाज ऐकू येतो. तो मला सुरांइतकाच मोलाचा वाटतो.

तंबोऱ्याचीही त्यांनी काळजी केली. नेहमीचा पुरुषी तंबोरा बासरीच्या सुरापेक्षा पार खाली राहतो. बासरी वर एकटी पडल्यासारखी होते. म्हणून उंच सुराचा लहान तंबोरा त्यांनी साथीला घेतला. त्यांनी नवे रागही बांधले: नूपुरध्वनि, चंद्रमौली, दीपावली, कुमारी, पुष्पचंद्रिका. त्यातले काही त्यांच्या शिष्यपरंपरेत आजही वाजतात. हे सगळं करणारा माणूस स्वभावानं अबोल आणि भाविक होता. रामकृष्ण मिशनच्या स्वामी विरजानंदांची त्यांना दीक्षा होती. बासरी त्यांच्यासाठी जपाच्या माळेजवळची गोष्ट होती, असं त्यांच्या परंपरेतली माणसं सांगतात, आणि श्री ऐकताना ते पटतं.

चित्रपटाशी नातं पूर्ण तुटलं नव्हतं. १९५६ चा ‘बसंत बहार’ आपल्याकडे पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांच्या जुगलबंदीसाठी ओळखला जातो. त्याच चित्रपटात लताबाईंच्या ‘मैं पिया तेरी’ या गाण्याबरोबर जी बासरी वाजते ती पन्नालाल यांची. गाण्याच्या आधी, मधे, नंतर ती अशी येते की लताबाईंच्या आवाजाला तिनं उत्तर दिल्यासारखं वाटतं. लोकांनी ते गाणं लाखो वेळा ऐकलं असेल. बासरी कुणाची हे विचारणारे थोडे.

त्याच वर्षी ते दिल्लीला गेले. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची धुरा पंडित रविशंकर सोडत होते. तिथं पन्नालाल यांची नेमणूक झाली. माहिती आणि नभोवाणी खातं तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. १९५२ पासून दहा वर्षं त्यांनी ते सांभाळलं. केसकर हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर कैवारी. रेडिओवरून चित्रपटगीतं हद्दपार करण्याचा त्यांचा आग्रह फसला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. पण संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, कलावंतांच्या नेमणुका, वाद्यवृंद, यांतून त्या खात्यानं शास्त्रीय संगीताला जो आधार दिला तो संस्थानं बुडाल्यावर दुसरं कुणी देणार नव्हतं. राजाश्रय गेलेल्या पिढीला नभोवाणीचा पगार हाच आश्रय होता. आणि एक गोष्ट इथं नोंदवायला हवी. त्या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, १९४० पासून. ती सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. पन्नालाल यांचे पहिले गुरू हार्मोनियमवाले. ज्या हातांनी त्यांना राग दिले, त्या हातांच्या वाद्याला त्यांच्या कचेरीत प्रवेश नव्हता.

भारतीय वाद्यवृंद हे अवघड काम आहे. आपल्या संगीतात एकाच सुरावटीला दहा वाद्यं लागली की दाटी होते, आणि हार्मनी आणली की राग विरघळतो. पन्नालाल यांनी ‘कलिंग विजय’, ‘ज्योतिर्मय अमिताभ’ अशा रचना केल्या. पहिलीत अशोकाचं युद्ध आणि त्याचा पश्चात्ताप, दुसरीत बुद्ध. विषयांची निवडच त्यांच्या मनाचा कल सांगते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्यांचं सर्वोत्तम काम हे नाही. एकट्या बासरीतून जो विस्तार ते करत तो पन्नास वाद्यांतून झाला नाही. पण सरकारी कचेरीत बसून, रोजच्या कामाच्या रगाड्यात इतकं मन लावून कुणी काम करावं, याबद्दल आदरच वाटतो.

२० एप्रिल १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय फक्त ४८. ख्याल पिकायला लागतो ते हेच वय. पन्नाशी-साठीतला पन्नालाल घोष आपल्याला ऐकायला मिळाला नाही.

त्या वेळी कटकच्या आकाशवाणी केंद्रावर एका पहिलवानाचा विशी ओलांडलेला मुलगा बासरी वाजवत होता. हरिप्रसाद चौरसिया. तेही आखाड्यातून आलेले, हा योगायोग मला आवडतो. पुढे मुंबईत त्यांनी अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवींकडे तालीम घेतली आणि बासरी जगभर नेली. त्यांची वाट वेगळी, सहा भोकांचीच. तीव्र मध्यमाचा तो तडा ते फुंकेच्या आणि बोटांच्या वेगळ्या कौशल्यानं ओलांडतात, आणि ओलांडल्याचं कळूही देत नाहीत. म्हणून सात भोकं बरोबर आणि सहा चूक असं म्हणणं बावळटपणाचं होईल. पण आज जी लांब बासरी सगळेच वाजवतात, ती लांबी कुणी ठरवली हे सहा भोकांवाल्यांनाही ठाऊक आहे.

सातव्या भोकाची परंपरा बरीचशी मुर्डेश्वर आणि कर्नाड यांच्या घरातून पुढं आली. मुंबईत पंडित नित्यानंद हळदीपूर देवेंद्र मुर्डेश्वरांकडे शिकले आणि नंतर अन्नपूर्णादेवींकडे, म्हणजे मैहरचे दोन्ही प्रवाह एका माणसात आले. पुण्यात पंडित केशव गिंडे यांनी पन्नाबाबूंच्या बासरीवर आणखी काम करून तिचा पल्ला वाढवणारी ‘केशव वेणू’ घडवली. बदलायचा असेल तर बांबू बदला, हे जणू त्या घरात वारशानंच आलं.

बासरी विकत घ्यायला गेलात तर कारागीर पट्टी विचारतो, लांबी विचारतो, आणि आपल्याकडचे काही जुने कारागीर अजून एक प्रश्न विचारतात: सहा की सात? मी सात सांगितलं. घरी येऊन तंबोरा लावला, यमन धरला. करंगळी त्या भोकापर्यंत पोचेना. गुरुजींना दाखवलं तर त्यांनी माझं मनगट जरा फिरवलं, कोपर खाली आणला आणि म्हणाले, आता बघ. सातही भोकं झाकली. फुंकलं. मंद्रातला तीव्र मध्यम, थोडा फुटका, पण होता. मग करंगळी हलकेच मागं घेतली.